गळका मांडव

आयुष्यात मी धर्माचं एकच काम अंगावर घेतलं, आणि ते पहिल्याच संध्याकाळी पाहुण्यांच्या डोक्यावर पडलं.

हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. शेजारच्या पाटलांच्या टाळूवर त्याची खूण अजून आहे. (केस विरळ असल्यामुळे ती नीट दिसतेही. पाटील येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून दाखवतात.)

आधी आम्ही कोण ते सांगतो, कारण गल्लीत तोच घोळ आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. मूळचे अलिबागकडचे. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी, आडनावाच्या शेवटी 'कर', आणि प्रार्थनेच्या जागेला आम्ही घरात मशीदच म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात जो काही प्रकाश पडायला आलेला असतो तो परत जातो. कुंभवलीतल्या आमच्या गल्लीत जळगावचे, साताऱ्याचे, नांदेडचे लोक राहतात. कारखान्यात एकमेकांचे डबे खाऊन आमची उमर गेली, पण सॅम्युअलभाऊंचा धर्म नेमका कोणता, हा प्रश्न सगळ्यांनी कधीच सोडून दिला होता. पाटील मला नाताळच्याही शुभेच्छा द्यायचे आणि ईदच्याही. मी दोन्ही घ्यायचो. समजावून सांगायचा कंटाळा, हे माझ्या धार्मिकतेचं मुख्य लक्षण आहे.

दुसरी गोष्ट माझ्या नोकरीची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं देखभाल खात्यात होतो. काम एकच: गळती थांबवणं. पाइप गळो, टाकी गळो, पत्रा गळो, सॅम्युअलला बोलवा. साहेबांच्या केबिनमध्ये पावसाचं पाणी टपकलं तर मला अपमान झाल्यासारखा वाटायचा. अशा माणसाच्या नशिबी पुढे काय यावं, ते बघा.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी भाद्रपदात माझ्या मोठ्या बहिणीचा, एस्थरताईचा फोन आला. ताई लग्न होऊन इस्राएलला गेली ती तिकडचीच झाली. वाळवंटातल्या एका गावात तिचं घर आहे. पण तिचं मराठी मात्र ती गेली त्या सालावर थांबलेलं आहे. आमच्या आईसारखं बोलते.

"सामू, या खेपेस मी मांडवाच्या सणाला येत्ये. बाबा घालायचे तसा अंगणात मांडव घाल. सात दिवस आपण त्यातच जेवायचं."

"घालतो की," मी म्हणालो. "त्यात काय."

मांडवाचा सण म्हणजे सुक्कोथ. आमचे पूर्वज मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटले आणि चाळीस वर्षं रानात झोपड्या बांधून राहिले, त्याची आठवण; शिवाय पीक घरात आल्याचा आनंद. बाबा दरवर्षी झावळ्यांचा मांडव घालायचे आणि त्याला फळं टांगायचे. त्यातलं एक केळं मी सणाच्या आधीच खाल्लं होतं आणि साल परत टांगून ठेवली होती, एवढंच मला त्या सणातलं स्पष्ट आठवतं.

फोन ठेवल्यावर बायको, रिबका, म्हणाली, "आपण शेवटचा मांडव कधी घातला होता?"

"आपण दरवर्षी काहीतरी करतोच ना."

"तुम्ही दरवर्षी जेवणाचं टेबल खिडकीजवळ सरकवता," ती म्हणाली. "तेही मी सांगितल्यावर."

मी आलेखाचा कागद काढला आणि कामाला लागलो. दहा बाय बारा. लोखंडी पाइपांचा सांगाडा, प्रत्येक जोडाला क्लॅम्प, वर निळे पत्रे, पत्र्याला उतार, उताराला पन्हळ, आणि पन्हळीचं पाणी थेट गटारात. चार दिवस मी ते उभारत होतो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला आपण जिवंत असल्यासारखं वाटत होतं. शेवटच्या दिवशी मी छतावर बागेच्या नळीने अर्धा तास पाणी मारलं. एक थेंब आत आला नाही.

ताई आली. बॅग दारात ठेवून तिने आधी अंगण गाठलं, मांडवात उभी राहिली आणि वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सामू, आभाळ कुठे आहे?"

"पत्र्याच्या वर."

"मांडवाचं छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि कापलेल्या वस्तूचं लागतं रे. झावळ्या, गवत, फांद्या. उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण वर बघितलं की तारे दिसायला हवेत."

"मग पाऊस आला तर?"

"तर आत येईल."

"आत येईल?"

"येऊ दे. पाऊस आत येत नसेल तर ते घर झालं. मांडव नव्हे."

एकतीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. रिबका दारात उभी राहून पदराने तोंड पुसत होती, पण तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

पत्रे उतरवले. पण उगवलेल्या वस्तूंपासून छप्पर कसं करतात, हे देखभाल खात्यात कोणी शिकवत नाही. मी पाइपांवर झावळ्या आडव्या टाकल्या, त्या सरकून खाली आल्या. उभ्या टाकल्या, तशाच आल्या. हा प्रकार जमनाबाई फाटकात उभी राहून बघत होती.

जमनाबाई आमच्याकडे भाजी घेऊन येते. वारली आहे, बोईसरच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्यावर राहते. वर्षभर शिराळी, काकडी, अळू आणते, आणि पावसावरचं थोडं भात करते. तिचा नवरा वसईकडे बांधकामावर असतो. शेत ती आणि तिची मुलगी, दोघींवर.

"दादा, खोप बांदताव का?" तिने विचारलं.

"मांडव."

"खोपच हाय ती. भात राकायला आमी शेतावर बांदतो. पन लोकंडावर पाला नाय थारत. तो घसरतो. बांबू पायजे."

दुसऱ्या दिवशी तिने आठ बांबू आणि रानातल्या ओल्या वेली आणल्या. पाटलांनी आपली जुनी व्हॅन काढली आणि आम्ही जवळच्या माहीम गावातल्या एका वाडीतून झावळ्या आणल्या, शिवाय दोन पिवळीजर्द महाळुंगं. ताईने एक नाकाला लावलं आणि डोळे मिटले. या सणाला ते फळ लागतंच. तिकडे म्हणे लोक भिंगातून बघून निवडतात. वाडीवाल्याने आम्हाला ती अशीच दिली, कारण लोणच्याखेरीज त्यांचं काय करतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

जमनाबाईने माझे पाइप उपटून बाजूला ठेवले आणि दीड तासात मांडव उभा केला. ताई तिला वेली देत होती. दोघी बोलत होत्या. मी क्लॅम्प गोळा करत ऐकत होतो.

"चाळीस वरसं खोपीत ऱ्हायले?" जमनाबाई म्हणाली. "तेंच्याकडं जमीन नव्हती का?"

"नव्हती."

"मंग आमच्यावानीच." तिने एक गाठ मारली. "आन आता जमीन हाय, घर हाय, तरी कशाला खोपीत बसता?"

ताईने पुढची वेल तिच्या हातात दिली. "पीक घरात आलं की माणसाला वाटतं, सगळं आपणच केलं. तेव्हा सात दिवस बाहेर येऊन बसायचं. डोक्यावर पाला, वर आभाळ. म्हणजे आपण कोण ते आठवतं."

"आमाला आटवायला नाय लागत," जमनाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. ताईने तिथेच तिला सांगून टाकलं, की पहिल्या संध्याकाळी तिने जेवायला यायचं. या सणाला पाहुणा लागतो, आणि मांडव जिने बांधला ती पहिली पाहुणी.

दरम्यान गल्लीत चर्चा सुरू झाली होती. पाटील कुंपणापाशी आले.

"भाऊ, मांडव कशाचा? घरी काही कार्य आहे का?"

"नाही, सण आहे. पौर्णिमेला."

"कोजागिरी," पाटील म्हणाले.

आता इथे मी मिसरपासून सुरुवात करायला हवी होती. पण ऊन होतं, आणि आमचा सण खरोखरच आश्विनाच्या पौर्णिमेच्या आसपास येतो.

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

"वा. मग दूध आमच्याकडून," पाटील म्हणाले आणि घरात गेले. मला वाटलं, दूध म्हणजे लोटाभर.

सणाच्या दिवशी सकाळी जमनाबाई भाजी घेऊन आली, पण ती दारातच घुटमळली.

"दादा, भात कापून शेतात टाकलंय. दोन ऊन खाल्ली का बांदून घेऊ. आज रातीला पाऊस येल का हो? येत असला तर मी सांजेला नाय येत, भारे उचलून घेते."

मी फोन काढून बघितला. त्यावर ढग होता, ढगाखाली दोन थेंब होते, आणि शेजारी सूर्यही होता. म्हणजे काहीही. पण ताई आत मटण शिजवत होती, ताटं मोजली होती, आणि पहिली पाहुणीच आली नाही तर ती किती हिरमुसेल, ते मला दिसत होतं.

"नाही येत पाऊस," मी म्हणालो. "तुम्ही निवांत या."

ती गेली. आणि दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी काय केलं, ते आता सांगायला हवं. मी शिडी लावली आणि झावळ्यांच्या वर पारदर्शक प्लास्टिकचा मोठा कागद अंथरला. कारखान्यात यंत्रं झाकायला वापरतात तसा, जाड आणि स्वच्छ. चारही कडा बांबूंना ताणून बांधल्या. खाली येऊन बघितलं: पाला दिसतोय, आभाळ दिसतंय, रात्री तारेही दिसतील, आणि पाऊस आला तरी थेंब आत येणार नाही. देव खूश, ताई खूश, मी खूश. इतकी सुबक लबाडी माझ्या हातून यापूर्वी झाली नव्हती.

संध्याकाळी ताईने मेणबत्त्या लावल्या. पांढरी चादर, टांगलेले चिकू आणि केळी, महाळुंगाचा वास, नारळाच्या रसातलं मटण. जमनाबाई नवं लुगडं नेसून आली होती आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. ताईने बाबांची आठवण काढली, आणि मी आशीर्वाद म्हणायला द्राक्षरसाचा पेला उचलला. तेवढ्यात फाटक वाजलं.

पाटील होते. मागे पाटीलकाकू. त्यांच्या मागे गल्लीतली आणखी सात-आठ माणसं, सतरंज्या घेऊन. आणि पाटलांच्या हातात दोन कड्यांचं पातेलं, ज्यात किमान दहा लिटर मसाला दूध होतं.

"चंद्र कधी निघतोय?" पाटलांनी विचारलं.

मी ताईकडे बघितलं. मटणाच्या जेवणात दुधाला जागा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. बाकीचे मी विसरलो असेन, पण हा नाही. ताईने पातेल्याकडे बघितलं, मग मटणाकडे, मग माझ्याकडे.

"तू यांना काय सांगितलंस?"

"फारसं काही नाही."

"तेच," ताई म्हणाली.

मग ती उठली आणि पाटीलकाकूंचा हात धरला. "या, बसा. आज आमच्याकडे पाहुण्याला परत पाठवत नाहीत. फक्त दूध आणि मटण एका जागी चालत नाही आम्हाला. पातेलं तुमच्या ओट्यावर ठेवता का थोडा वेळ?"

"अय्या, आम्हालाही नाही चालत," काकू म्हणाल्या. त्या माळकरी आहेत. मटण हा शब्द ऐकून त्या एक पाऊल मागेच गेल्या होत्या.

मग सगळं पुन्हा मांडलं गेलं. मटण टेबलाच्या एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला, मध्ये भाजी, भात आणि वरण. पातेलं पाटलांच्या ओट्यावर. माणसं सतरंज्यांवर. पाटील बरोबर मध्यभागी, कारण तिथून दोन्हीकडचं हाताला येत होतं. ताईने सगळ्यांना मांडवाचा अर्थ सांगितला. "वर बघा. हे छप्पर मुद्दाम विरळ ठेवलेलं आहे," ती म्हणाली, आणि बारा-तेरा माणसांनी माना वर केल्या.

तेव्हाच पहिला थेंब पडला. म्हणजे पडल्याचा आवाज आला. टप. मग टप टप. मग सर आली.

लोक उठायला लागले, पण मी हात वर केला. "बसा. काही होत नाही."

आणि खरंच काही झालं नाही. बाहेर गल्लीत पाणी उडत होतं, मांडवात सगळं कोरडं. पाटलांनी कौतुकाने मान डोलावली. "पाल्याचं छप्पर, पण काय पक्कं." ताई मात्र वर बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती. विरळ पाला, वरून पाऊस, आणि खाली थेंब नाही. ती माझी सख्खी बहीण आहे.

"सामू," ती म्हणाली, "वर काय घातलं आहेस?"

मी उत्तर देणार होतो. पण पाण्याला उतार लागतो, हे मी, पत्र्यांना उतार देणारा माणूस, त्या दुपारच्या घाईत विसरलो होतो. सपाट ताणलेल्या कागदात पाणी साचत चाललं होतं. झावळ्यांच्या मधून एक मोठं, गोल, चकचकीत पोट हळूहळू खाली येत होतं. थेट पाटलांच्या वर.

"भाऊ, हे काय आहे?" पाटलांनी विचारलं, आणि ते बघायला उभे राहिले. उभं राहायला नको होतं. डोकं त्या पोटाला लागलं आणि कागदाची गाठ सुटली.

नुसत्या झावळ्या असत्या तर सगळ्यांना चार-चार थेंब मिळाले असते. माझ्या युक्तीमुळे सगळा पाऊस एकट्या पाटलांना मिळाला. पाण्याच्या पाठोपाठ मधला बांबू त्यांच्याच टाळूवर आला, मग झावळ्या, मग फळं. मटणाचं भांडं पालथं झालं आणि रस्सा अंगणातून फाटकाकडे वाहत निघाला. पहिला घास कोणी घेतला नव्हता. मग पाल्याखालून पाटलांचा आवाज आला, "आमच्याकडे कोजागिरीला नुसतं दूध देतात."

लोक हसायला लागले. रिबका हसून खाली बसली. माळकरी काकूंच्या खांद्यावर मटणाच्या नळीचा तुकडा होता, तरी त्या हसत होत्या. मीही हसलो. आणि मग मला जमनाबाई दिसली. ती फाटकापाशी गेली होती, पायात चप्पल सरकवत होती.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"माजं भात, बाय," ती म्हणाली. "शेतात पडलंय. पोर एकलीच हाय."

हसणं थांबलं. पाऊस तसा ओसरत आला होता, पण कापून पसरलेल्या भाताला सर पुरते. खाली पाणी राहिलं की दाण्याला मोड येतात. जमनाबाईच्या घरी सांगायला एवढं एकच पीक.

"व्हॅन काढतो," पाटील म्हणाले. डोक्यातून रक्ताचा ओघळ येत होता तो त्यांनी रुमालाने दाबला होता.

मी ताईकडे बघितलं. सणाच्या दिवशी ती वाहनात बसत नाही. तिकडे ती चालत प्रार्थनेला जाते, दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही.

"ताई, तू थांब. आम्ही जातो."

"पीक आल्याचा सण आहे ना रे हा?" ती म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी व्हॅनमध्ये जाऊन बसली. बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "तो तुझा कागद पण घे."

पाड्यावर पोचेपर्यंत पाऊस थांबला होता. ढगांतून चंद्र निघाला होता, आणि त्या उजेडात जमनाबाईची मुलगी एकटी बांधावर भारे नेऊन टाकताना दिसली. आम्ही चौघंही शेतात उतरलो. ताई सत्तरीला आलेली, साडी खोचून, पेंढ्या छातीशी धरून चिखलातून चालत होती. पाटील रुमाल बांधून दोन-दोन भारे नेत होते. मी तिसऱ्या फेरीत चिखलात बसलो; मला उठवायला दोन माणसं लागली, म्हणजे कामातली दोन माणसं कमी झाली. शेवटी उंचावर, जमनाबाईच्या खऱ्या खोपीशेजारी भाऱ्यांची उडवी रचली आणि तिच्यावर माझा कागद घातला. या वेळी मी उतार दिला.

बांधाखालच्या तुकड्यातलं भात मात्र पाण्यात गेलं होतं. जमनाबाई तिथे थोडा वेळ उभी राहिली. एक लोंबी हातात घेऊन दाबून बघितली. मग ती माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही, काही नाही.

"दादा, पाऊस येनार नाय सांगितलंव. मंग ह्यो कागद कशाला घातला व्हता?"

त्या संध्याकाळी माझ्यावर बरंच काही पडलं होतं, पण हे सगळ्यात जोरात लागलं. स्वतःच्या मटणावर मी पावसाची शक्यता धरून कागद घातला होता, आणि तिच्या भाताला मात्र सांगितलं होतं, निवांत या.

"चुकलो," मी म्हणालो. "तुम्ही यावं म्हणून बोललो. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं बोललो."

तिने हातातली लोंबी कमरेला खोचली. मग म्हणाली, "उद्या सकाळी या. वलं भात झटकून पसरायचं हाय."

परत आलो तेव्हा रिबका आणि काकूंनी अंगण धुऊन काढलं होतं. सगळ्यात एकच वस्तू शाबूत राहिली होती: ओट्यावरचं दूध. मटण कोणाच्या तोंडाला लागलंच नव्हतं, त्यामुळे दुधाला धर्माची हरकत उरली नव्हती. ताईने दोन पेले घेतले. म्हणाली, तिकडे असं मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्याही दिवशी मी शेतात गेलो. एकतीस वर्षं पाण्याला बाहेर ठेवलं, पण ओल्या भातातून पाणी कसं काढतात ते मला जमनाबाईच्या मुलीने शिकवलं. पेंढी उचलायची, झटकायची, पालथी घालायची, पुन्हा तासाने तेच. ऊन कडक पडलं. बांधाखालचं निम्मंअधिक वाचलं. उरलेलं कोंबड्यांना गेलं. मांडव जमनाबाईने येऊन परत बांधला, नुसत्या झावळ्यांचा. आठवड्यात अजून एकदा भुरभुर आली. आम्ही जेवत होतो. माझ्या आमटीत चार थेंब पडले. मी हात वर करून छताकडे बघितलं, आणि रिबका म्हणाली, "जेवा." मी जेवलो. आमटी जरा पातळ लागली, एवढंच.

आठव्या दिवशी सण संपतो, आणि त्या दिवशी आमच्यात पावसाची प्रार्थना म्हणतात. हे ताईने सकाळी मला सांगितलं आणि मी आधी आभाळाकडे बघितलं.

"ताई, आत्ता? लोकांचं भात अजून शेतात आहे."

"आपल्या घरात बाबांनंतर ती तूच म्हणायची आहेस."

बाबांनी मला प्रार्थना देवनागरीत उतरवून दिलेली एक वही होती, कारण हिब्रू अक्षरं मला कधी आली नाहीत. अर्थ तर नाहीच. मी वही उघडली आणि जमेल तितक्या हळू आवाजात वाचायला लागलो. देवाला ऐकू जाईल, पण नीट जाणार नाही, अशा बेताने. तेवढ्यात जमनाबाई आली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात झोडून, कांडून आणलेले नवे तांदूळ. ते तिने ताईपुढे ठेवले. ताईने ते दोन्ही हातांनी घेतले, ओंजळीत धरून वास घेतला. मग रिबकाने सांगितलं, की याची गूळ आणि नारळाचा रस घालून खीर करू, आमच्या जुन्या लोकांत नव्या तांदळाची खीरच करायचे.

"दादा कसलं वाचतात?" जमनाबाईने विचारलं.

मी ताईला खुणेने नाही म्हणत होतो. पण ताई खोटं बोलत नाही.

"पाऊस दे, म्हणून."

जमनाबाईने सुपाकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत ती पहिली संध्याकाळ सगळी होती.

"इकडे नाही गं," ताई घाईने म्हणाली. "आमच्या तिकडच्या गावासाठी. तिकडे आता पेरणीचे दिवस. आठ महिने थेंब नाही."

"थेंब नाय?" जमनाबाई जरा विचारात पडली. मग मांडवाच्या बांबूला टेकून बसली. "मंग एवड्या हळू काय वाचताव, दादा? जोरात म्हना. इतला पाऊस उचलून तिकडं नेऊ दे. त्यांना पन पिकू दे."

मग मात्र मी मनापासून म्हटली. उभा राहून, मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून. पाटील कुंपणापाशी हात जोडून उभे राहिले. ओळी माझ्या मला कळत नव्हत्या, पण बाबांचा आवाज येत होता, आणि समोर ते तांदूळ होते. प्रार्थना संपली तेव्हा जमनाबाईने डोळे पुसले.

ताईने मात्र वही माझ्या हातातून घेतली, पान उलटून बघितलं, परत मागे आली.

"सामू, पावसाची या बाजूला आहे. तू समोरचं पान म्हटलंस."

"मग ते काय होतं?"

"दव पडू दे, म्हणून. ती वल्हांडणाच्या सणाला म्हणतात, सहा महिन्यांनी."

रिबकाने जमनाबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बघा, उगीच घाबरलात. ह्यांनी पाऊस मागितलाच नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात आलो तर झावळ्या, पायऱ्या, पाटलांची व्हॅन, सगळं दवाने चिंब झालं होतं. मी देवाकडे आजवर केलेल्या अर्जांपैकी मंजूर झालेला हा एकच, आणि तोही चुकीच्या नमुन्यावर भरलेला.